दंडाचा घेर

दक्षिणेकडून मोठी नर्स तपासायला येणार होती, म्हणून रोलांदनं सकाळीच आईचे केस धुतले, रोलर लावून कुरळे केले, निळा स्वेटर चढवला आणि गालांवर चिमूटभर लाली चोळली. नदीपलीकडे कॅनडा असलेल्या ह्या फ्रेंच बोलणाऱ्या खोऱ्यात म्हातारं माणूस पाहुण्यासमोर आणायचं ते असंच. आई मळक्या गाउनमध्ये दिसली तर पाहुणा आईला नावं ठेवत नाही, लेकीला ठेवतो.

आईचं नाव बर्तील. वय अठ्ठ्याऐंशी. तिला चालता येत नव्हतं, लेकीचं नाव येत नव्हतं, आरसा समोर धरला तर आतल्या बाईला ती अदबीनं मान लववायची. मार्चमध्ये डॉक्टरांनी हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या शुश्रूषेची, चिठ्ठी लिहिली होती: सहा महिने, फार तर. तेव्हापासून मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, सगळं पुरवत होता. कळ दाबली की वरखाली होणारी खाट. आंघोळ घालायला येणारी पॅम. डायपर, मलमं, कधीही उचलला जाणारा फोन. त्याच्या जोरावर आई घरात होती, आणि रोलांदची पाठ, जी शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी भांडी उचलून केव्हाच कामातून गेली होती, ती कशीबशी उभी होती.

आता सप्टेंबर लागला होता. रानात बटाटे निघत होते. आणि मोठी नर्स दारात

उभी होती. हॅलोरन नाव. उंच, हसरी, पायात स्वच्छ बूट.

"बसा हो. आधी खाऊन घ्या."

"मी कामावर आहे, मॅडम."

"म्हणजे खाली तुमच्याकडे कामावर माणसं उपाशी असतात?"

हॅलोरनबाई हसल्या आणि बसल्या. रोलांदनं त्यांच्यापुढे प्लॉयची चवड ठेवली. कुट्टूच्या पिठाचा पातळ गोल, एकाच अंगानं भाजलेला, वर जाळी पडलेला. बाजूला लोणी आणि मेपलचा पाक. बाईंनी एक उचलला, एक घास घेतला, आणि मग वही काढली.

"आई बोलतात का?"

"बोलते तर! मामाँ, बाईंना बॉन्जूर म्हण."

बर्तीलनं बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या ताटलीकडे. "मांज," ती म्हणाली. "मांज, मांज."

"खा म्हणते तुम्हाला," रोलांद म्हणाली. "आहे ना ठीकठाक? आणि ऐका." तिनं 'नमो मारिया'ची पहिली ओळ फ्रेंचमध्ये म्हटली आणि थांबली. आईनं उरलेली अर्धी प्रार्थना डोळे मिटून म्हणून टाकली, पार आमेनपर्यंत.

बाईंचं पेन चाललं होतं.

"स्वतः जेवतात?"

ह्याच प्रश्नाची रोलांद वाट बघत होती. तिनं एक प्लॉय घेतला, त्यावर क्रेतॉन पसरला, म्हणजे डुकराच्या मांसाचा मऊ खिमा, गुंडाळी केली आणि आईच्या उजव्या पंजात ठेवली. बोटं मिटली. हात वर गेला. तोंड उघडलं. आई चावायला लागली, गिळलं, पुन्हा हात वर.

"चमचा धरता येत नाही हो तिला. कोणी भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटते, मारते. हिवाळ्यात हाडंच उरली होती. एप्रिलमध्ये मी सहज एक गुंडाळी हातात दिली. डोक्याला नाही आठवत, पण हाताला आठवतंय! ऐंशी वर्षं खाल्लंय ना हातानं. आता सकाळी तीन, दुपारी तीन, संध्याकाळी रश्शात बुडवून. बघा दंड. बघा तरी."

तिनं स्वतःच आईची बाही वर सरकवली.

हॅलोरनबाईंनी पिशवीतून फीत काढली, दंडाभोवती गुंडाळली, आकडा पाहिला. पुन्हा गुंडाळली. पुन्हा पाहिला.

"मार्चपेक्षा चांगलाच वाढलाय."

"वाढणारच!" रोलांद म्हणाली. तिला वाटलं, आपण बाळ वजनाला आणलंय.

"मी इतकी वर्षं हे काम करतेय," बाई म्हणाल्या, "पण असं कधी पाहिलं नाही." जाताना दारात त्यांनी रोलांदचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "तुम्ही फार छान सांभाळलंय त्यांना. फार छान."

रोलांदनं त्यांच्या गाडीत कुट्टूच्या पिठाची एक पिशवी ठेवली. उलटायचा नाही बरं का, तिनं काचेतून ओरडून सांगितलं, एकाच बाजूनं, उलटला की

दुसऱ्या दिवशी नोएला आली. हॉस्पिसची नेहमीची नर्स. ह्याच गावची, लहानपणी रोलांदच्या हातचं शाळेतलं जेवण जेवलेली, आणि म्हणून अजून तिला 'मातांत' म्हणणारी, मावशी म्हणणारी. नोएलाचा वार तो नव्हता. तिनं कोट काढला नाही. कॉफी नको म्हणाली.

"कोण गेलं?" रोलांदनं विचारलं.

"कोणी नाही गेलं, मातांत." नोएला खुर्चीच्या टोकावर बसली. "तेच तर झालंय."

"काय झालंय?"

"मामाँला हॉस्पिसमधून काढताहेत."

रोलांद हातातलं फडकं झटकत होती. ती झटकतच राहिली.

"काढताहेत म्हणजे? तिनं काय केलं?"

"काही नाही केलं. वाढल्या."

"काय?"

"मातांत, बसा. हॉस्पिस मेडिकेअर कोणाला देतं? जो सहा महिन्यांपलीकडे जाणार नाही असं डॉक्टर लिहून देतो, त्याला. मार्चमध्ये मामाँ खात नव्हत्या. वजन उतरत चाललं होतं, न्यूमोनिया होऊन गेला होता, दंडावर कातडी लोंबत होती. डॉक्टरांनी लिहून दिलं. सहा महिने झाले की कोणीतरी येऊन बघतं, खालावताहेत का. त्यांच्या वहीत काय लिहिलंय सांगू? दंड भरला. वजन वाढलं. स्वतःच्या हातानं जेवतात. बोलतात. अहो, प्रार्थना म्हणून दाखवलीत तुम्ही! अशा विसराच्या आजारात दिवसाला चारसहा शब्द उरले तरच हॉस्पिसच्या नियमात बसतं माणूस."

"ते बोलणं नाही, नोएला. ते रोझरी आहे, माळेचा जप. तोंड म्हणतं. तिला कळत नाही काही."

"मला माहीत आहे."

"मग ती बरी झाली म्हणतात का?"

"नाही."

"आठवायला लागेल?"

"नाही, मातांत."

"चालेल?"

"नाही."

"म्हणजे मरणारच आहे ना ह्यातच?"

"मरणार आहेत," नोएला हळूच म्हणाली. "पण वेळेत नाही."

खाटेवर बर्तील जागी होती. पांघरुणाची किनार ती बोटांनी गोळा करत होती, पुन्हा सोडत होती. रोलांद तिच्याकडे बघत राहिली. आपली आई, धडधाकट, दिलेल्या मुदतीबाहेर गेलेली.

"लाली," रोलांद म्हणाली. "मी लाली लावली होती."

"लालीनं काही नाही झालं हो."

"मी स्वतः बाही वर केली, नोएला. मीच."

नोएलानं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग, कामाचं बोलताना माणसं जसा आवाज सपाट करतात तसा करून, तिनं काय काय जाणार ते सांगितलं. खाट जाणार. पॅम जाणार. डायपर, मलमं जाणार. फोन जाणार.

"आणि तू?"

"मीसुद्धा."

"बरं. मग मेडिकेअर दुसरं काय देतं? काहीतरी देत असेल. एवढी वर्षं पगारातून कापून घेतलंय. पप्पाच्या, माझ्या, तिच्या."

"डॉक्टर देतं. तपासण्या देतं, गोळ्या देतं. पडल्या, हाड मोडलं तर ऑपरेशन देतं आणि नंतर थोडे दिवस नर्सिंग होम देतं. घरी येऊन कोणी व्यायाम शिकवायचा असेल तर काही आठवडे माणूस पाठवेल, तो येतोय तोवर आंघोळीलाही कोणी येईल. मग थांबेल."

"आणि रोजचं?"

"रोजचं नाही देत."

"रोजचं म्हणजे, उठवणं, पुसणं, बसवणं, खाऊ घालणं, ती कुठं घसरतेय ते बघत बसणं."

"ते औषधोपचारात धरत नाहीत, मातांत. ते कोणीही करू शकतं असं धरतात."

"ह्या आजारात दुसरं असतं काय?"

नोएलानं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

"आणि नर्सिंग होम? मी पाठवेन असं नाही. पण विचारतेय."

"कायमचं असेल तर तेही मेडिकेअर देत नाही. घर, जमीन, सगळं संपलं की मग राज्य सरकार बघतं. आणि इथल्या नर्सिंग होममध्ये जागा नाही. जागा आहे ती खाली, तीन तासांवर. तिथं कोणी फ्रेंच बोलत नाही."

"तिथं प्लॉय कोण करणार तिला?"

"कोणी नाही."

"नदीपलीकडे जन्मली असती तर बरं झालं असतं."

"पलीकडेही रांग आहे, मातांत. कॅनडावाले नुसते रांगेत छान उभे राहतात."

दोघी हसल्या.

"अपील करता येतं," नोएला उठताना म्हणाली. "ह्या नंबरवर. उद्या दुपारच्या आत. हॉस्पिसबाहेरची कचेरी आहे, त्यांचा माणूस तुम्हाला फोन करून विचारेल. आणि" — तिनं कोटाची बटणं लावली, एक चुकलं, पुन्हा लावलं — "आणि पुन्हा खालावल्या की लगेच कळवा. आम्ही त्याच दिवशी येऊ. खाट, पॅम, सगळं. मी शब्द देते."

तिच्या गाडीचा आवाज वळणापलीकडे गेल्यावर रोलांदला कळलं, नोएलानं शब्द दिला तो कशाचा.

पुढची वाक्यं रोलांद कोणाला बोलली नाही:

खालावली म्हणजे किती खालावली?

तू फीत इथंच ठेवून जा, म्हणजे मला कळेल.

एप्रिलमध्ये मी काही केलं नसतं तर सप्टेंबरपर्यंत सगळं नीट झालं असतं. नीट झालं असतं असं मी म्हणाले. मी असं म्हणाले का?

सांगायला हवं होतं कोणीतरी. हॉस्पिसची माणसं आली त्या पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं: बाई, हिला सांभाळा, पण फार नको.

रेनो, धाकटा भाऊ, कनेटिकटला विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात. खोऱ्यातली अर्धी पोरं तिकडेच गेली. त्याचा फोन.

"तू प्लॉय दाखवलास? नर्सला?"

"हो."

"हातात देऊन? मामाँनं खाऊन दाखवला?"

"हो म्हणतेय ना."

"अगं बये." तो हसायला लागला, आणि हसता हसता खोकायला लागला. "रोलांद, पोरी, तुझ्या घरात कोणी चोर आला तर तू आधी त्याला जेवायला वाढशील आणि मग कपाटाची किल्ली कुठंय ते सांगशील."

"ती चोर नव्हती. चांगली बाई होती."

"चांगलीच असतात गं सगळी. बरं, अपील केलंस?"

"केलं. उद्या फोन येणार आहे."

"मग ऐक. थोडं कमी सांग. खोटं नको बोलूस, तुला जमत नाही ते, तुझा आवाज मांजरासारखा होतो. कमी सांग. काय खाते विचारलं तर म्हण, कधी खाते, कधी नाही. बोलते का विचारलं तर म्हण, नाही. रोझरीचं नाव काढू नकोस. ठसका लागतो का विचारतील, त्यावर हो म्हण. ठसका फार महत्त्वाचा. मी वाचलंय. अन्न श्वासात गेलं की न्यूमोनिया होतो, तो मोजतात ते."

"लागतो कधीतरी."

"बघ! तेच सांग. आणि" — इथं तो थांबला. मागे कारखान्याची शिट्टी वाजली — "आणि तोवर जरा हात आखडता घे."

"कशात?"

"म्हणजे, ती कचेरी पुन्हा कोणाला तरी पाठवेल, पुन्हा मोजेल, कोणी सांगावं."

"कशात, रेनो?"

"तुला कळलंय कशात."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मी तिकडे नाहीये," रेनो म्हणाला. "मी बोलू शकत नाही. तू आहेस तिथं. तुझी पाठ आहे. ती घरात राहावी म्हणूनच सांगतोय ना मी? खाट गेली तर कशी ठेवणारेस तिला? सांग ना. मला सांग कशी

सकाळी तिनं एकच प्लॉय टाकला.

पीठ नेहमीएवढंच कालवलं होतं. हाताला दुसरं माप येत नव्हतं. शाळेत तीस वर्षं तिनं कोणाला अर्धं ताट वाढलं नव्हतं. जी पोरं घरी उपाशी असत त्यांना ती न विचारता दोनदा वाढायची. पण तव्यावर एकच गोल ओतला, जाळी पडली, उतरवला, गुंडाळला, आईच्या हातात दिला आणि ती मोरीकडे तोंड करून भांडी घासायला लागली.

मागे चावण्याचा आवाज. गिळण्याचा. मग आवाज थांबला.

रोलांदनं स्वच्छ वाटी पुन्हा घासली.

आई रडत नव्हती, ओरडत नव्हती, मागत नव्हती. मागायचं असतं हेही तिला आता आठवत नव्हतं. रोलांदनं वाटी उपडी ठेवली. तवा घासायला घेतला. तवा अजून गरम होता.

वळून पाहिलं तेव्हा आईचा उजवा पंजा खाटेच्या फळीवर उताणा पडला होता. बोटं किंचित वळलेली, आत गुंडाळी मावेल एवढी. ती पंज्याकडेच बघत होती. आता हा काय करणार, अशा कुतूहलानं.

रोलांदनं तवा परत चुलीवर ठेवला आणि उरलं होतं तेवढं सगळं पीठ ओतलं, एकामागून एक, माणसं जेवायला येणार असल्यासारखं, आणि हे करताना ती स्वतःला इतक्या घाणेरड्या शिव्या देत होती की पप्पा असते तर त्यांनी तिला घराबाहेर काढलं असतं. आईला शिव्या आवडल्या. ती हसली.

अपिलाचा फोन दुपारी आला. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती, हातात गुंडाळी होती. रोलांद तिच्याकडे पाठ करून भिंतीशी उभी राहिली. आईकडे बघत बोलणं तिला जमलं नसतं.

माणसाचा आवाज तरुण होता. सभ्य. मागे आणखी पुष्कळ सभ्य आवाज.

"मॅडम, आई किती खातात?"

रेनोनं शिकवलेलं: कधी खाते, कधी नाही.

रोलांद म्हणाली: "कधी खाते." मग जोर करून: "कधी नाही."

"बोलतात?"

रेनोनं शिकवलेलं: नाही.

रोलांद म्हणाली: "आपलं असं काही नाही बोलत."

"ओळखतात तुम्हाला?"

हे रेनोनं शिकवलं नव्हतं.

"मला ती मादाम म्हणते," रोलांद म्हणाली. "मादाम, तुमचे फार आभार, असं म्हणते. मी तिला झोपवते ना, तेव्हा."

पेनाचा, किंवा कळांचा, आवाज.

"म्हणजे पूर्ण वाक्य बोलतात."

"नाही, ते—" आता आवाज मांजरासारखा झाला. "ते सवयीचं आहे हो. ते आतून नाही येत."

"बरोबर. समजलं. जेवताना ठसका वगैरे? श्वासात अन्न जाणं? एवढ्यात काही?"

आणि त्याच क्षणी मागं आईला ठसका लागला.

आधी एक छोटा. मग मोठा, ओला, छातीतून आलेला. मग लागोपाठ.

रोलांद वळली नाही.

तिनं फोन कानापासून काढला आणि हात लांब करून मागे, खाटेच्या दिशेनं धरला, त्याला नीट ऐकू जावं म्हणून. भिंतीवर पवित्र हृदयाचं चित्र होतं, ते तिला दिसत होतं, आणि तिच्या मनात जे होतं त्याला आशेशिवाय दुसरं नाव नव्हतं. ये, ती म्हणत होती. अजून ये. जोरात. तिच्या मागं आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि तिचा हात थरथरत नव्हता, अजिबात नव्हता, शाळेत पोरांना पेला पुढे करायची तसा तो स्थिर होता, लांब होता, आणि

"मॅडम?" हातातून बारीक आवाज आला. "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

तिनं फोन टाकला.

आईचा चेहरा जांभळा होत होता. रोलांदनं तिला पुढं ओढलं, पाठीवर हाताच्या तळव्यानं हाणलं, एकदा, दोनदा, तोंडात बोट घालून ओला गोळा बाहेर काढला, पुन्हा हाणलं. खाटेची कळ दाबली, पाठ उभी केली. श्वास लागला. खरखरीत, मग साधा. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती रोलांदकडे बघत होती, ज्या माणसानं आपल्याला मारलं त्याच्याकडे बघावं तशी. आणि मग ते विसरून, ज्या माणसानं आपल्याला वाचवलं त्याच्याकडे बघावं तशी.

"मादाम," ती म्हणाली.

रोलांद खाली बसली. फोन खाटेखाली गेला होता, तो काढला. वाटलं होतं कट झाला असेल. नव्हता.

"मॅडम? तुम्हाला कोणी पाठवू का? रुग्णवाहिका?"

"नको."

"मी ऐकलं ते. हा ठसका मी नोंदवून घेऊ शकतो. असं वरचेवर होतं का? दिवसातून कितीदा?"

तो मदत करत होता. आवाजावरून तिला कळलं, हा पोरगा मला दार उघडून देतोय, फक्त आत पाऊल टाकायचंय. वरचेवर, एवढाच एक शब्द. रेनो म्हणाला असता. पॅम म्हणाली असती, बोला ना. खाट इथं होती, कळ इथं होती, पाठ उभी झाली ती ह्या खाटेमुळं.

"मी घास मोठा दिला होता," रोलांद म्हणाली.

"पार्डन?"

"घाईत होते. तुमचा फोन येणार म्हणून. गुंडाळी जाड झाली, क्रेतॉन जास्त भरला. एरवी नाही होत. मी बघत असते ना समोर बसून. आज बघत नव्हते."



"म्हणजे एरवी त्या..."

"खाते," रोलांद म्हणाली. "सकाळी तीन. दुपारी तीन. संध्याकाळी रस्सा. लिहा. चांगलं खाते. स्वतःच्या हातानं खाते, मी फक्त हातात देते. प्रार्थना म्हणते. पाहुण्याला खा म्हणते. दंड भरलाय तिचा, तुमच्या बाईंनी बरोबर मोजलंय. तिला आणखी काय करायचं राहिलंय की तुम्ही तिला खाट ठेवाल, ते मला नाही माहीत. मला विचारू नका. मी आत्ता फोन कुठं धरला होता ते तुम्हाला माहीत नाही."

"मॅडम, मी समजू शकतो—"

"नाही समजत तुम्ही. तुमचं वय काय?"

"सत्तावीस."

"जेवलात का?"

"अजून नाही."

"जेवा," रोलांद म्हणाली आणि फोन ठेवला.

निकाल दुसऱ्या दिवशी कळवला. हॉस्पिसचं म्हणणं योग्य होतं. आजार आहे, पण खालावण्याची चिन्हं नाहीत. कळवणारी बाई म्हणाली, ही खरं तर आनंदाचीच बातमी धरायला हवी.

खाट न्यायला दोन माणसं आली. एक गावातलाच, लाजलेला. बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आला. त्यांनी आईला उचलून रोलांदच्या पलंगावर ठेवलं, जो जुना, खोल, मध्ये खड्डा पडलेला होता, आणि खाट दोन तुकड्यांत करून नेली. खाटेखालच्या जमिनीवर प्लॉयचे सुकलेले कपटे होते. रोलांदनं ते झाडले.

मग आईला पलंगाच्या खड्ड्यातून वर घ्यायची वेळ आली. ओली झाली होती ती.

रोलांदनं एक गुडघा गादीवर टेकवला, दोन्ही हात आईच्या बगलेखाली घातले, पॅम करायची तसे, श्वास घेतला आणि उचललं. आई उचलली गेली नाही. मार्चमध्ये ती उचलली गेली असती. मार्चमध्ये तिला एका हातावर घेऊन खिडकीपाशी नेलं होतं, बाहेरचं बर्फ दाखवायला. आता ती गरम, मऊ, भरलेली, वजनदार होती, आणि रोलांदच्या कमरेतून एक कळ गेली ती पार टाचेपर्यंत. ती आईच्या अंगावरच पडली. दोघींची तोंडं समोरासमोर. आईच्या तोंडाला लोण्याचा वास येत होता.

"मादाम," आई म्हणाली, "तुमचे फार आभार."

सरकत सरकत रोलांद पलंगाच्या कडेला आली. उठता येत नव्हतं. फोन स्टुलावर होता, तेवढा हात पुरला. रेनोनं पहिल्याच घंटेला उचलला.

"काय म्हणाले?"

"नेली खाट."

"च्यायला. ठसक्याचं सांगितलं नाहीस?"

"ऐकवला मी त्याला ठसका."

"मग?"

"रेनो," ती म्हणाली, "तू ये."

"मी येऊन काय करू गं तिथं? मला ना स्वयंपाक येतो, ना—"

"उचल. स्वयंपाक मी करते."

पलीकडे यंत्रांची घरघर. तो चालत कुठंतरी शांत जागी गेला असावा, घरघर मागं पडली. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. त्याला सुट्ट्या होत्या, साठवलेल्या. कितीतरी वर्षं तो त्या मासेमारीसाठी साठवत होता.

"बरं," रेनो म्हणाला. "बरं. शनिवारी निघतो. पण मला कामावर सांगावं लागेल गं. किती दिवस लागतील, म्हणजे साधारण?"

रोलांदनं आईकडं पाहिलं. आई पंजा उघडून वाट बघत होती.

"ती जेवतेय, रेनो," रोलांद म्हणाली.